कोण? मी.

वांगी चिरताना देठाचा काटा बोटात गेला. दुसऱ्या दिवशी बोट लाल, गरम, टम्म सुजलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, काट्याबरोबर जंतू आत शिरले. तिथल्या पेशींनी ते ओळखले आणि हाकाटी पिटली. मदतीला धावलेल्यांची गर्दी म्हणजे ही सूज."

"पण आधी कधी भेट नसताना ओळखलं कसं?"

"जंतूंच्या अंगाची ठेवणच वेगळी असते. ती ओळखायला पेशींना शिकवावं लागत नाही."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. आपल्याकडे दार वाजलं की आतलं माणूस "कोण?" विचारतं, आणि बाहेरचं नाव न सांगता नुसतं "मी" म्हणतं. तेवढ्या आवाजावर कडी निघते. आमचे हे गेल्यापासून माझ्या दाराशी कुणी "मी" म्हटलेलं नाही. "पार्सल" म्हणतात, "गॅस" म्हणतात. मीही कडी काढते, पण ओळखण्यासारखं त्यात काही नसतं.

बोट ठणकत होतं. एवढ्याशा काट्यासाठी आत केवढी धावपळ चालली होती. चहा करायचा राहूनच गेला. ते बोट गालाला लावून मी बसून राहिले. घरात तेवढंच काय ते ऊबदार होतं.