परक्या हौदावर गाळलेलं पाणी

माझा नेम खरा की माझा हट्ट, असा प्रश्न मला आयुष्यात एकदाच पडला, आणि तोही घरापासून फार लांब. लेकीच्या बाळंतपणासाठी मी कागलजवळच्या आमच्या गावातून झुरिकला गेले होते. यजमान गेले त्या वर्षी मी आमच्या जैन मुनिमहाराजांकडे नेम घेतला होता. विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी स्वतःच्या हातानं गाळायचं आणि तेवढंच प्यायचं. गाळल्यावर फडक्यात जे बारीक जीव राहतात त्यांना आम्ही जिवाणी म्हणतो. ती फडक्यावरून धुऊन जिथलं पाणी तिथंच परत सोडायची. विहिरीतसुद्धा वरून ओतायची नाही, जिवांना मार लागतो. बुडाला कडी असलेली बादली पाण्याला टेकवून तिथंच उलटी करायची. नळाला हे जमत नाही. नळात परत काय सोडणार?

आमच्या दारातच विहीर आहे, म्हणून नेम मला कधी जड गेला नव्हता. निघताना कळण्याचं पीठ, शेवया, डिंक सगळं आठवणीनं बांधलं. पाण्याचा विचार मात्र मनातच आला नाही. पाणी काय, सगळीकडे असतं, असं मी धरून चालले.

लेकीचं घर उंच इमारतीत, आणि पाणी फक्त नळाचं. पहिल्या दिवशी उपवास आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कलिंगडाच्या फोडींवर राहिले. पण आईच्या कोरड्या ओठांवरून लेकीला कळायचं ते कळतंच. जावईबापूंनी मला नीट समजावलं. इथलं पाणी यंत्रातून गाळून येतं, आपल्या विहिरीपेक्षा शुद्ध असतं, म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. जावयासमोर बोलायची मला सवय नाही. जावयासमोरच काय, मी चारचौघांतही बोलत नाही. मग लेक म्हणाली, "अव्वा, तू पीत न्हाईस न्हवं? मग मीबी पीत न्हाई." तिचे दिवस भरत आले होते. तिनं खरंच पेला बाजूला सरकवून ठेवला.

मी पाटावर बसून देवाशी भांडले. म्हटलं, नेम मोडायचाच असेल तर तू मोड. माझ्या हातानं मोडायचा नाही. आणि लेकीच्या पोटातल्या जिवाला त्यात ओढू नकोस. असं बोलणं शोभत नाही हे मला माहीत होतं, तरी बोलले.

जावईबापूंनीच मग शोधून काढलं की जुन्या गावात एक दगडी हौद आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी त्यात येतं आणि कित्येक पिढ्या लोक तिथं येऊन पितात. सकाळी आम्ही तिघं गेलो. आठ कोनांचा मोठा हौद, मधे खांब, खांबावर हातात निशाण धरलेला दगडाचा शिपाई. पितळेच्या तोटीतून पाणी अखंड पडत होतं. काठावर लाल फुलांच्या कुंड्या होत्या. मी पदर खोचला, लोट्यावर दुहेरी फडकं धरलं आणि गाळायला लागले. येणारे जाणारे थांबून बघू लागले. कुणी मोबाईल वर केला.

"आई, जरा आटपा. लोक शूटिंग करताहेत," जावईबापू हळूच म्हणाले.

"करू द्यात की, पावणं. मी काय कुणाचं चोरलंय व्हय?" मी म्हणाले. माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. लेक हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली.

लोटा भरला, पण जिवाणीचं पुढं काय करावं ते कळेना. हौदातलं पाणी एका जाळीतून खाली जात होतं. जावईबापू म्हणाले, "ते गटारात जातं, आई. आता तरी प्या." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते थकले होते. मी भरला लोटा मांडीवर घेऊन पायरीवर बसले. जिवाणीला जागा मिळाल्याशिवाय ते पाणी माझं नव्हतं. मी णमोकार मंत्र म्हणू लागले, पण त्यात विनवणी नव्हती. देह पडला तरी चालेल, मी उठणार नाही, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी बाटली भरायला आली. तिनं माझ्याकडे, मग फडक्याकडे पाहिलं आणि लेकीला काहीतरी विचारलं. लेकीनं तिच्या भाषेत सगळं सांगितलं. एवढ्याशा जिवांसाठी बाई अडून बसली आहे हे ऐकून ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. कुंडीखाली गळून पडलेल्या पाकळ्या तिनं वेचल्या, जाळीत सोडल्या आणि माझा हात धरून उठवलं.

शेजारच्या उतरत्या बोळातून तिनं आम्हाला नदीवर नेलं. घाटासारख्या पायऱ्या होत्या. भिंतीतून एक दगडी मोरी निघून नदीला मिळत होती. आम्ही उभे राहिलो. मग मोरीतून एक लाल पाकळी आली, तिच्यामागून दुसरी, आणि दोन्ही नदीत मिसळून गेल्या. हौदाचं पाणी गटारात नव्हे, इथं नदीतच येत होतं.

मी शेवटच्या पायरीवर बसले. फडकं उलटं केलं, गाळलेल्या पाण्यानं धुतलं आणि हात नदीला टेकवून जिवाणी अलगद सोडली. मग प्याले. माझ्यानंतर लेक त्याच लोट्यातून प्याली. मागं वळून म्हातारीला हात जोडावेत म्हटलं, तर ती काठी टेकत बोळ चढूनही गेली होती.

ती रोज तिथं पाणी भरत असेल. नेमकं त्याच वेळी यायचं तिचं दुसरं काही कारणही असेल. मला त्यावर वाद घालायचा नाही. जावईबापूंना हे सगळं अजूनही वेडेपणाच वाटतो. वाटू दे. बाळ होईपर्यंत आणि त्यानंतरही ते रोज सकाळी घागर घेऊन माझ्याबरोबर त्या हौदावर येत होते.

शरण जाणं म्हणजे सगळ्यांपुढं वाकणं, असं मी आजवर धरून चालले होते. म्हणून सासरी वाकले, भावकीत वाकले. त्या पायरीवर बसल्यावर कळलं की मी फक्त एकाच ठिकाणी शरण आहे. तिथं डोकं एकदा नीट टेकवलं की बाकी कुठं ते खाली घालावं लागत नाही. एवढं कळण्यासाठी देवानं मला एवढ्या लांब नेलं, तहानलेलं ठेवलं आणि मग पाजलं. त्याचे उपकार मी कसे फेडू? आता चारचौघांत मी नेम सांगते, आणि मोठ्यानं सांगते.