न टोचलेलं इंजेक्शन
स्पिरिटचा वास आला की मला कामशेतचा तो दवाखाना आठवतो. किडनीच्या आजाराने वडिलांचं रक्त कमी झालं होतं, म्हणून रक्त वाढवणारं इंजेक्शन बर्फात ठेवून मी त्यांना वडिवळ्याहून आणलं होतं. सिस्टरने प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं आणि डॉक्टरांना विचारून सुई बाजूला ठेवली. "आबा, प्रेशर फार वाढलंय. आज दिलं तर झटका येऊ शकतो." वडील बाही वर करूनच बसले होते. "टोच की गं बाय, पायात जीवच न्हाई," ते म्हणाले. मी त्यांची बाही खाली ओढली. गोळ्यांनी प्रेशर उतरल्यावर पुढे ते इंजेक्शन मिळालंही, पण आज आठवते ती त्या दिवशीची परतीची वाट. खाचरांच्या बांधावर दम लागून ते सारखे बसत होते आणि मी शेजारी नुसती उभी होते.