चौथ्या ओंडक्याचा शिक्का

बुधवारी सकाळी सातला पलूसहून निघायचं ठरलं होतं, आणि रफीकभाईंचा टेम्पो दारात आला नऊला. रफीकभाई आमचे सुतार. शिराळ्याच्या आगारात (सरकारी लाकूड साठवायच्या जागेत) लिलावात मी एकाच सागाचे चार ओंडके घेतले होते, नव्या घराच्या दाराच्या चौकटीसाठी. मुलगा फौजेतून सुट्टीवर आलेला, शनिवारी परत जाणार. त्याच्या हातून चौकट बसावी आणि तिचा उंबरा ओलांडून त्यानं जावं, एवढीच बायकोची इच्छा.

पेठ नाक्यावर रफीकभाईंना न्याहारी आठवली. पुढं ऊस विरळ होतो, डोंगर जवळ येतात. लोक त्याचं कौतुक करतात. मी घड्याळ बघत होतो.

आगाराच्या फाटकावर टपरीवाल्या शांताक्कांनी चहा दिला. आत पाटणकडचे चार लाकूडतोडे माल भरायला थांबले होते. त्यांचा म्होरक्या मारुती छाती काढून म्हणाला, "गुरुजी, टोकं फाटली व्हती. तुमास्नी नेटका माल जावा म्हणून छाटून ठिवली."

आभार मानायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वनरक्षक कदम मॅडम यादी घेऊन आल्या. ओंडक्याच्या टोकावरून त्यांनी हात फिरवला.

"मारुती, शिक्के कुठं हायत?"

सरकारी ओंडक्याच्या टोकावर हातोड्यानं ठोकलेला शिक्का आणि नंबर असतो. तो असेल तर वाहतूक पास, नसेल तर माल चोरीचा. मारुतीनं टोकं छाटली ती शिक्क्यांसकट. जन्म जंगलात गेलेला माणूस हा! मी कपाळाला हात लावला.

"परत ठोका की," मी म्हणालो.

"हातोडा साहेबांच्या कपाटात, आणि साहेब सोमवारी येणार. शिवाय यादीत लांबी बारा फूट, हा साडेअकरा भरतोय," मॅडम म्हणाल्या. "चकत्या कुठं टाकल्यास रं?"

"वाटल्या की. लोकांनी मागितल्या."

मग वरात निघाली. पुढं मॅडमची स्कूटर, तिच्यावर मागं मारुती, त्यांच्यामागं आमचा टेम्पो. पहिली चकती मटणाच्या दुकानात सापडली, वर खिमा चालू. दुसरीवर एक आजोबा बसले होते आणि उठायला तयार नव्हते. तिसरी कोंबड्यांच्या खुराड्याखाली.

आगारात आल्यावर मारुती चकती फिरवायचा, मॅडम चीर आणि लाकडातली वर्षांची वर्तुळं जुळतात का बघायच्या. "जरा डावीकडं. व्हय, लागली." लांबी मोजून तारेनं आवळायची. दोघं एकमेकांवर खेकसत होते, पण हात एका घरच्यांसारखे चालले होते.

चौथी शांताक्कांकडं होती.

"आवं, सकाळपास्नं त्येच्यावरच च्या हाय न्हवं," त्या म्हणाल्या. चुलीत राख होती. मी दोन कप प्यायलो होतो.

"मॅडम, डोळे झाका की जरा. झाड तेच आहे, तुम्हीच तोडवलंय."

"आज तुमच्यासाठी झाकले, गुरुजी, तर उद्या ट्रकच्या ट्रक जाईल माझ्यासमोरून." आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला. मारुती म्हणाला, "चूक माजी हाय," आणि खाली बघत राहिला. त्याचं काय लोणचं घालायचं?

रफीकभाईंनी पास मिळालेले तीन ओंडके चढवले. "दोन उभ्या बाजू आन वरची पट्टी निघंल," ते म्हणाले. "उंबऱ्याजोगा जाड त्यो एकच व्हता." घरी आल्यावर उंबरा दुसऱ्या लाकडाचा घालू म्हटलं, तर बायको म्हणाली, चौकट एका झाडाची असावी.

रफीकभाई दोन दिवस झटले. मुलानं चौकट उभी केली, खाली मोकळी. शनिवारी तो निघाला तेव्हा आई दह्याची वाटी घेऊन दारात आली आणि कुठं उभं राहावं तेच तिला कळेना. मग तिनं खाली वाकून रांगोळीची सरळ रेघ ओढली, रेघेच्या आत उभी राहिली आणि त्याच्या तळहातावर दही ठेवलं. पोरानं बूट उंच उचलून रेघ जपून ओलांडली.

मारुतीवर, मॅडमवर, त्या चहावर तेव्हा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही. रेघ मात्र मी दोन दिवस कुणाला पुसू दिली नाही.