मास्तरांच्या गळ्यातली टेप

मास्तरांच्या गळ्यात टेप नाही असं त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. आंघोळीपुरती ती उतरायची, तीही बाथरूमच्या कडीवर, हाताशी. कपडे शिवण्यात हयात गेली आणि त्यातून त्यांचं एकच तत्त्व पक्कं झालं होतं. गिऱ्हाईक म्हणतं ते सोडून द्यायचं, टेप म्हणते ते ऐकायचं. कोणी म्हणे मी वाळलोय, कोणी म्हणे कपडे धुवून आटलेत. मास्तर हूं हूं करत टेप गुंडाळायचे, आकडा मोठ्यानं सांगायचे आणि वर म्हणायचे, ते तुमचं मत झालं, हे माप आहे.

तरी गिऱ्हाइकं त्यांच्यावर खूश असत. मास्तरांच्या दुकानात प्रत्येकाची कंबर इतर ठिकाणांपेक्षा जराशी कमीच भरायची. अशा टेलरला कोण सोडतो?

मुलाला दुकानाचं काडीचंही आकर्षण नव्हतं. तो नोकरीला लागला आणि सुटला. सुनेला मात्र या कामाचं वेड होतं. काज, बटण, तुरपाई, मशीन, सगळं तिच्या हातात बसलं. राहिलं होतं कटिंग. मास्तर माप घेऊन आकडे सांगत आणि कापायला ती बसे. त्यांची टेप गळ्यातून सुटण्याची आशा नव्हती, म्हणून तिनं स्वतःची नवी कोरी आणली होती. पण नशीब असं, की ती जे कापेल ते घट्ट व्हायचं. आधी एक शर्ट झाला, मग दुसरा, मग एका वकिलाची पँट, जी घालून वकिलांना उभं राहूनच बोलता आलं असतं.

मास्तरांनी निदान केलं. सुनेचं माहेर काटकसरी, कापडावर तिचा जीव अडकतो. "तुझा हातच आखडता आहे," ते म्हणाले. हेही नुसतं मतच होतं, पण त्यांनी ते माप सांगायच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. सुनेलाही पटलं, हे जास्त वाईट झालं.

मग एका बस-ड्रायव्हरांचा कोट शिवायला आला. ते निवृत्त होणार होते, रविवारी निरोप समारंभ होता. कच्च्या शिलाईचा कोट अंगावर चढला, पण बटण काजापर्यंत पोचेना. ड्रायव्हर भला माणूस. हळूच म्हणाले, मास्तर, तुम्हीच कापा की. पडद्यामागे सुनेनं ते ऐकलं.

संध्याकाळी तिनं सांगून टाकलं. तयार कपड्यांच्या एका दुकानात काउंटरवर जागा आहे, तिकडे जाते, कात्री आपल्याला जमणारी नाही. बघ बाई तुझं तू, असं मास्तर म्हणाले खरे, पण ताट अर्धवट ठेवून उठले. आपल्यामागे दुकानाला कुलूप लागणार, हे एक. दुसरं म्हणजे, टेबलाच्या पलीकडे तिला रोज बघायची त्यांना सवय झाली होती. मुलाशी कधी झाल्या नाहीत एवढ्या गप्पा सुनेशी होत.

सकाळी सासूबाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा हवा होता. माप मास्तरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, पण सासूबाईंचा स्वतःच्या आठवणीवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी सुनेला पुन्हा मोजायला लावलं. आकडा मोठा निघाला. मास्तरांनी स्वतः येऊन मोजलं, तर पुन्हा आपला लहान. त्यांनी निकाल दिला, सुनेची टेप बाजारू आहे.

"माणसं फुगतात, अहो," सासूबाई म्हणाल्या. "खिडकी कशी फुगेल?"

एरवी गप्प राहणारी सून त्या दिवशी बोलली. "बाबा, चूक माझी असेल तर मी मान्य करते. पण नक्की कुणाची ते बघू तरी."

सासूबाई तडक शेजारच्या सुताराकडे गेल्या आणि त्याची पोलादी टेप घेऊन आल्या. पोलाद कुणाची सून नाही आणि कुणाचा सासरा नाही. ते सुनेच्या बाजूनं बोललं.

मग दोन्ही टेपा कटिंगच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. सुरुवात एका रेषेत लावली, पण चाळिसाच्या आकड्यापाशी मास्तरांची टेप चांगली बोटभर पुढे गेलेली. ओढून ओढून, घाम पिऊन कापडी पट्टी ताणली गेली होती. मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी त्याच टेपनं मापलं आणि त्याच टेपनं कापलं, म्हणून त्यांचे कपडे बरोबर बसले. सुनेनं त्यांचा आकडा घेतला आणि खऱ्या टेपनं कापलं. तिचं एवढंच चुकलं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं या गल्लीतली सगळी पोटं..." सासूबाईंना हसू आवरेना, वाक्य तसंच राहिलं.

मास्तरांना हसू आलं नाही. आपण पोरीच्या हाताला, स्वभावाला, थेट तिच्या माहेराला नावं ठेवली, याची त्यांना मनापासून लाज वाटली. आणि ती आता जाणार नाही, या विचारानं त्याच वेळी इतकं बरं वाटलं, की दोन्हीचं काय करावं कळेना.

"त्या काउंटरवाल्यांना कळव," ते म्हणाले, "येत नाही म्हणून. तुझा हात बरोबर होता. चूक टेपची होती, आणि माझी."

सुनेनं डोळे पुसले आणि ड्रायव्हरांचा कोट उसवायला घेतला. शिवणीत तिनं पुरेसं कापड सोडलं होतं. आखडत्या हाताची माणसं तेवढं सोडत नाहीत, हेही मास्तरांच्या तेव्हाच लक्षात आलं.

शनिवारी ड्रायव्हर आले. मास्तरांनी नव्या टेपनं छाती मोजली तेव्हा ते जरा नाराज झाले, मागच्या आठवड्यात एवढी नव्हती म्हणाले. पण कोट घातला, बटणं लागली, खांदे बसले, आणि आरशासमोर त्यांनी दोनदा वळून बघितलं.

"शेवटी तुमचा हात लागला तेव्हा कोट झाला, मास्तर."

टेबलापाशी सून खडूच्या रेघा मारत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी हातसुद्धा लावलेला नाही," मास्तर म्हणाले. "सुनेनं कापलाय."

"वाटत नाही हं."

"तुम्हाला काय वाटतं ते राहू द्या," मास्तर म्हणाले. "तिनं कापलाय."