मुखवट्याआडून दिलेला जाब

हे मी कुणाला सांगितलं न्हाई. बायकोलाबी न्हाई. तुमाला सांगून राहिलो— काहून, ते माझं मलाच नीट कळत न्हाई.

परवा हिंगोलीत माझ्या जुन्या मास्तरांकडं बसलो होतो. बोलता बोलता ते म्हणाले, ग्रीक भाषेत ढोंग्याला 'हुपोक्रितेस' म्हणतात, पण तो शब्द मुळात शिवीचा न्हाई. आधी अर्थ होता जाब देणारा. मग मुखवटा लावून बोलणारा नट. फार पुढं जाऊन तो ढोंगी झाला. मास्तरांना त्याची मोठी गंमत वाटत होती. मी उठून घरी आलो.

आमचं गाव पैनगंगेच्या काठचं. दसऱ्याच्या दुपारी देवीचा लाकडी मुखवटा आमच्या घरच्या माणसानं आपल्या तोंडावर चढवायचा, ही रीत. बाया समोर बसून विचारतात, त्यानं देवी होऊन जाब द्यायचा. गप बसायची मुभा न्हाई. बरीच वर्षं तो माणूस मीच होतो.

शेजारचा किसन माझा जिवाचा दोस्त. एका साली आमी दोघं उमरखेडच्या बाजाराहून येत होतो. नदीला पाणी चढलेलं, तरी उतरलो. मधोमध त्याचा पाय सुटला, त्यानं माझा हात धरला. मी— मी झटकला. भ्यालो, दुसरं काय? तो वाहून गेला. गावात सांगितलं, किसन बाजारातच मागं राहिला, येईल.

त्या दसऱ्याला त्याची बायको, कौतिका वहिनी, माझ्यासमोर बसली. "माय, धनी माघारी येतील का?"

मुखवट्याच्या आत माझाच श्वास मला गरम लागत होता. कोण कुणाला विचारून राहिलं होतं? मी म्हणालो, "येईल. घर उघडं ठेव." तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. पुढं दर दसऱ्याला तिनं तेच विचारलं, मी तेच सांगितलं. लाज वाटायची, पण खरं सांगाया जीभ वळायची न्हाई.

निजामाचं राज्य गेलं त्या साली आसपासची गावं पेटू लागली. आमी गाड्या जुंपून वऱ्हाडाकडं निघालो. वहिनी कुंकू लावून उंबऱ्यात उभी. म्हणाली, "तुमी व्हा पुढं, भाऊजी. देवीनं घर उघडं ठेवाय सांगितलंय."

गाडीत जागा होती. किसन मेला, मीच हात झटकला— एवढं बोललो असतो तर ती चढली असती.

मी बैल हाकले. महिन्यानं माघारी आलो तेव्हा तिचं घर जळालेलं होतं. ती आतच होती.