तीन ओघळ

डेल्मर रपने उभी हयात कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कारखान्यात काढली, आणि काम काय, तर पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या पांढऱ्या दारांवर ओरखडा दिसतो का ते बघायचं. दिसला की लाल चिठ्ठी चिकटवायची. असा माणूस निवृत्त झाला की त्याने गप्प मासे धरावेत, नातवंडांची नाकं पुसावीत. डेल्मरला ते जमलं नाही. तो जुन्या गाड्यांचा परीक्षक झाला. आता ओरखडा नसला की तो गुण कापू लागला.

यात विनोद नाही. ओहायोच्या त्या कोपऱ्यात हे फार गंभीर काम समजतात. दर उन्हाळ्यात केलर्सबर्गला काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर, जिथे इतर वेळी डुकरांना बक्षिसं देतात, तिथे एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या जुन्या स्पोर्ट्स कारना पहिल्या नंबरची निळी फीत देतात. नियम एकच: कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी गाडी जशी होती, तशीच दिसली पाहिजे. आणि कशी होती? कंपनीने शुक्रवारी दुपारी, कामगारांचा जीव घराकडे लागलेला असताना, घाईघाईने बाहेर ढकललेली. रंग इकडे जाड, तिकडे पातळ, खाली ओघळ. म्हणजे ज्याने इंजिन आरशासारखं चकचकीत केलं त्याचे गुण गेले. म्हणून निवृत्त दंतवैद्य, बँकांचे माजी मॅनेजर वगैरे मंडळी हिवाळाभर गॅरेजात कोंडून घेऊन मनगट सैल सोडायचा आणि निष्काळजीपणे फवारा मारायचा सराव करतात. निष्काळजीपणा चुकला की रंग खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्या सोहळ्याचा मुख्य पुजारी डेल्मर. त्याच्या मते माणसाने एकच इंजिन धड बनवलं: एकोणसत्तर सालचं, आठ सिलिंडरचं, चारशे सत्तावीस घनइंचांचं, बिडाचं आणि नारिंगी. त्याच्या आधीची सगळी ही त्याची तयारी, आणि नंतरचा सगळा ऱ्हास. त्रेपन्न सालचं सहा सिलिंडरचं? "ते दूध वाटायच्या गाडीला बसवा." एकाहत्तरला बिनशिशाच्या पेट्रोलसाठी सिलिंडरातला दाब उतरवला, बहात्तरला अश्वशक्ती मोजायची पद्धतच बदलली आणि कागदावरचे निम्मे घोडे एका रात्रीत मेले. त्याबद्दल डेल्मर अजून सुतकात होता. पंच्याहत्तर सालच्या इंजिनाला तो "दमेकरी" म्हणे. पुढे कार्ब्युरेटर गेले, संगणक आले, "इंजिनाला आता डोकं दिलं, छाती काढून घेतली." बिडाचं ॲल्युमिनियम झालं; "भांडी." वरून हवा कोंबणारे पंखे बसले, "आजारी माणसाला नळीने जेवण." इंजिन सीटच्या मागे गेलं तेव्हा मात्र तो नुसता थुंकला.

खरं म्हणजे त्या अलीकडच्या आजाऱ्यांतलं साधंसं इंजिनही एकोणसत्तरवालीला पहिल्या चौकातच मागे टाकतं, अर्ध्या पेट्रोलमध्ये. मैदानावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. उघड बोलायची पद्धत नव्हती, एवढंच. डेल्मरकडे स्वतःचं असं इंजिन कधीच नव्हतं, हेही बोलायची पद्धत नव्हती. तो यायचा चार सिलिंडरच्या बेज गाडीतून आणि ती डुकरांच्या शेडमागे लावायचा.

त्याचं वजन होतं ते नियमपुस्तकामुळे. ते त्याने स्वतः लिहिलं होतं, आणि ते उभं होतं एका गाडीवर. गावाबाहेर आर्डिथ लँगर नावाच्या बाईंच्या कोठारात एकोणसत्तरची एक गाडी पेट्रोलटंचाईच्या वर्षापासून ताडपत्रीखाली पडून होती. डेल्मरला तिचा सुगावा लागला तेव्हा त्याने तिच्याखाली आडवं पडून सबंध रविवार टिपणं घेतली. इंजिन कधी उघडलंय? नाही. मालक बदललाय? नाही. बस्स, अस्पर्श नमुना सापडला. त्या इंजिनाचा नारिंगी किंचित लालसर होता, म्हणून पुस्तकात नारिंगी लालसर झाला. डाव्या बाजूला बिडावर तीन ओघळ होते, म्हणून प्रत्येक इंजिनाला तीन ओघळ सक्तीचे झाले. शेजारच्या धूरनळीवर वीतभर रंग उडालेला होता, तोही आला. ओघळ डावीकडेच का, यावर डेल्मर व्याख्यान द्यायचा. रंगाच्या खोलीत दुसऱ्या पाळीला एक डावखुरा कामगार होता म्हणे. दोन राज्यांतले लोक ते व्याख्यान ऐकायला यायचे. टोलेडोच्या एका रंगवाल्याने "रप नारिंगी" नावाचे फवाऱ्याचे डबेही काढले.

तर एका वर्षी शनिवारी सकाळी इंडियानाचा रॉडनी स्पँगलर नावाचा एक निवृत्त शाळामास्तर ट्रेलरवर गाडी घालून आला. काकाची गाडी. काकाने ती नवी घेतली, वर्षाच्या आत वेगाबद्दल तीनदा पकडला गेला, लायसन गेलं, आणि काकूने गाडी शेडमध्ये घालून किल्ली आपल्या गळ्यात अडकवली. ती किल्ली काकू वारल्यावरच निघाली. स्पँगलरने नुसती धूळ झटकली होती.

डेल्मरने टॉर्च आत घातला, डावीकडे वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"ओघळ कुठायत?" त्याने विचारलं.

"कसले ओघळ?"

"पुस्तक वाचलं नाहीस?"

"वाचलं ना, मिस्टर रप. पण हे असंच होतं. मी हात लावलेला नाही."

"रंगही पिवळट आहे. कुणीतरी मागाहून मारलाय."

"कोण मारणार? किल्ली काकूच्या गळ्यात होती. काका म्हातारपणी नुसता शेडच्या फटीतून बघायचा."

"काकू रात्री झोपत होती, की काकावर पहारा देत होती?" भोवती जमलेल्यांत हशा पिकला. पण हसता हसता एकदोघे त्या इंजिनाकडे जरा जास्तच निरखून बघायला लागले, आणि ते डेल्मरने पाहिलं.

त्याचा जुना साथीदार परीक्षक हार्लन याने त्याला बाजूला घेतलं. "हा निकाल नुसत्या तोंडाने दिलास तर कुजबुज होणार. लँगरबाईंची गाडी आण ना उचलून. लाव याच्या शेजारी. सगळ्यांची तोंडं बंद."

डेल्मरला ते एकदम पटलं. निकाल संध्याकाळी होता. त्याने बेज गाडी काढली.

आर्डिथ लँगर ओसरीवर शेंगा मोडत बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तरच्या, अंगाने आडव्या, नजरेने तिरकस.

"ने की," त्या म्हणाल्या. "नाहीतरी तिच्यावर कोंबड्याच बसतात. फक्त तो रंग बघून कुणी हसायचं नाही."

"हसतील कशाला, मिसेस लँगर? लोक टोप्या काढतील. कारखान्याचा मूळ रंग आहे तो."

"कारखान्याचा कुठला? माझा."

डेल्मरने हातातलं लिंबूपाणी खाली ठेवलं. "तुमचा म्हणजे?"

"मी मारलेला. चौऱ्याहत्तर साली पेट्रोलला रांगा लागलेल्या, आणि ही बया घरातून निघून टपालपेटीपर्यंत गेली तरी टाकी रिकामी. मर्ल म्हणाला, विकू या. मी म्हटलं, विकायची तर जरा तोंड धुऊन विकू. इंजिनाच्या रंगाचे पोपडे निघाले होते. ट्रॅक्टरचा अर्धा डबा उरला होता, तो मारला."

"ट्रॅक्टरचा."

"ट्रॅक्टरचाच. लालसर होता जरा, पण फुकट होता."

"मिसेस लँगर, तुमची आठवण..." डेल्मरने हवेत बोटाने तीन रेघा ओढल्या. "डाव्या बाजूला तीन ओघळ आहेत. ते कारखान्यातच..."

"अरे, गाडीची डावी बाजू भिंतीला लागलेली. उजवीकडून वाकून हात घालायचा, आणि मध्ये डोनी. सातवा महिना होता मला! पोट टेकलं की हात पोचेना, हात पोचवला की श्वास पुरेना. तिथे बदाबदा ओतला आणि म्हटलं, जा मसणात. नळीवरही उडाला. गिऱ्हाईक काही वाकून बघणार नाही. गिऱ्हाईक आलंच नाही ते सोड."

"पण तुम्ही मला कधी सांगितलं नाही!"

"विचारलंस कधी? तू आलास, खाली आडवा पडलास आणि रडायला लागलास. मला वाटलं, घरात काहीतरी झालंय तुझ्या. असल्या वेळी माणूस रंगाचं बोलतं का?"

कोंबड्या अंगणात काहीतरी उकरत होत्या.  डेल्मरने आजवर वाटलेल्या एकूण एक फिती, छापलेल्या तीन आवृत्त्या, तो डावखुरा कामगार, सगळं या बाईंच्या गरोदरपणावर उभं होतं. आणि केलर्सबर्गच्या मैदानावर या घडीला, उन्हात, त्या सालचं एकमेव खरं इंजिन उभं होतं, आणि त्याने त्याला खोटं ठरवलं होतं. खरं बोलावं तर संध्याकाळपासून डेल्मर रप म्हणजे यंत्रांच्या दारांवर चिठ्ठ्या चिकटवणारा एक म्हातारा. न बोलावं तर स्पँगलर घरी जाणार, रिकाम्या हाताने.

"हे आणखी कुणाला ठाऊक आहे?" त्याने हळूच विचारलं.

"मर्ल तर गेला. डोनी आत होता, त्याला किती दिसलं ते त्याला विचार. ट्रेलर कधी आणतोस?"

"आज राहू दे. ऊन फार आहे."

"गाडीला ऊन लागतं होय रे?" आर्डिथबाईंनी शेंगेचं देठ मोडलं. "बरं, चेरीचा केक खाऊन जा. तोंड बघ कसं झालंय."

त्याने खाल्ला. दोन तुकडे खाल्ले. असल्या माणसांची भूक मोडत नाही.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही अंगांना मका उभा होता आणि डेल्मर मोठ्याने भाषणं करून बघत होता. "मित्रहो, नव्याने मिळालेल्या माहितीनुसार..." हे त्याला बरं वाटलं, कारण त्यात चूक कुणाचीच नव्हती. मग वाटलं, "काही गाड्यांत अपवादाने" हे जास्त बरं. त्यात पुस्तकही वाचतं आणि स्पँगलरही. मग वाटलं, बाईंचं वय झालंय, या वयात माणसं काहीही बोलतात. या तीन मुक्कामांत तो फिरत राहिला. मैदानाचं फाटक आलं तेव्हा तो यातल्या कुठल्याच मुक्कामाला नव्हता.

स्पँगलर धावतच सामोरा आला. हसत होता, आणि त्याचे हात कोपरापर्यंत नारिंगी होते.

"मिस्टर रप, मी पुन्हा शांतपणे तुमचं पुस्तक वाचलं. चूक माझीच. काकानेच रात्री किल्ली काढून मारला असेल, त्याला काय कळतंय? त्या तिकडच्या दुकानात रप नारिंगीचे डबे होते. बघा तर!"

बॉनेट उघडंच होतं. सबंध इंजिन लालसर नारिंगी, ओलं, झगझगीत. धूरनळीवर वीतभर रंग. डाव्या बाजूला तीन ओघळ. दोन थिजले होते, तिसरा अजून चालत होता.

"खालचा... पहिला रंग?" डेल्मरने विचारलं.

"खरवडून काढला. दोघांनी मदत केली, भली माणसं आहेत इथली."

"फोटो? आधीचा फोटो काढलास?"

"छे हो, लाज वाटत होती."

आता कुठलंच भाषण लागणार नव्हतं.  डेल्मरच्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं की त्याला बॉनेटचा आधार घ्यावा लागला. स्पँगलरला वाटलं, आपल्या कामाने माणूस भारावला.

नियमाप्रमाणे इंजिन सुरू करावं लागतं. स्पँगलरने किल्ली फिरवली. ते बिडाचं धूड खोकलं, गुरगुरलं, आणि मग असं गरजलं की पलीकडच्या तंबूत चिकनपाव खाणाऱ्यांनी कागदी ताटं हातांनी दाबून धरली. नळी तापली तसा वरचा ताजा रंग जळायला लागला. निळसर, उग्र धूर, ट्रॅक्टरचा रंग जळाल्यासारखा. म्हातारे भोवती जमले, डोळे मिटून छातीभर ओढू लागले.

"हा!" हार्लन म्हणाला. "अस्सल एकोणसत्तरचा वास. एकदा नाकात बसला की माणूस फसत नाही. काय रे डेल्मर?"

"नाही फसत," डेल्मर म्हणाला.

"आणि लँगरबाईंची गाडी?"

"गरजच काय आता?"

त्याने गुणांचा तक्ता गुडघ्यावर घेतला. पूर्ण शंभर देणं त्याच्याने झालं नाही. नव्व्याण्णव लिहिले आणि स्पँगलरला खुणेने जवळ बोलावलं.

"तिसरा ओघळ बोटभर लांब झालाय."

स्पँगलर खाली वाकला, पाहिलं, आणि त्याचा चेहरा खरोखर उतरला. "खरंच की. माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला, आणि खिशातला रुमाल काढून, तोंड वेडंवाकडं करत, गरम बिडावरून तेवढा बोटभर रंग हलकेच पुसू लागला.