वर पाहणारा

बोरी अरब गावात आमच्या घराची कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला येणारा तो माणूस कुणाकडेही गेला, की आधी छताकडे पाहायचा. माणसांना जयभीम त्यानंतर.

धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी वस्तीतले आम्ही सगळे वेरूळची लेणी पाहायला गेलो. बुद्धमूर्तीसमोर सगळ्यांचे हात जुळले. हा मात्र मान वर करून उभा. छताला कमानीसारखे वाकलेले वासे होते, दगडातच कोरलेले.

"गुरुजी, अख्खा पहाड डोक्यावर हाय. मंग वासे कायले?"

"आधी विहार लाकडाचे असायचे," मी म्हणालो. "कोरणाऱ्यांनी तेच दगडात उतरवले."

"म्हंजे पहाडात आले, तरी घर नाही भुलले," तो म्हणाला, आणि बराच वेळ त्यानं मान खाली केलीच नाही.

परतल्यावर आमच्या नव्या विहारावर टिनं चढली, तेव्हा त्यानं आतून बांबूच्या कमानी बसवल्या. त्यांच्यावर कसलाच भार नव्हता.

"कायले गा एवढी मेहनत?" कुणीतरी हटकलं.

"लय दिसानं घरी आलो ना बाप्पा," तो म्हणाला.

आता विहारात शिरलो, की हात जोडण्याआधी माझीही मान वर जाते.